डेलावेअरने आतड्याच्या कर्करोगातली वांशिक दरी बुजवली म्हणतात, ती मोजली कशी?

छेदस्थानी

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा आणि आरोग्यविषमतेचा विषय निघाला की अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याचं उदाहरण हमखास येतं. २००२ ते २००९ या काळात कृष्णवर्णीय आणि गोऱ्यांमधली दरी तिथे जवळपास मिटली. दर लाख लोकसंख्येमागे वयप्रमाणित (दोन्ही गटांची वयरचना सारखी धरून काढलेले) आकडे असे:

नवे रुग्ण: कृष्णवर्णीय ६६.९ वरून ४४.३, गोरे ५८.२ वरून ४३.२
मृत्यू: कृष्णवर्णीय ३१.२ वरून १८.०, गोरे १९.५ वरून १६.९

यावर तीन शंका आहेत.

१) दरी म्हणजे भागाकार की वजाबाकी? दोन्ही काढले तर अहवालात कुठला छापायचा?
२) सगळं श्रेय स्क्रीनिंगला (लक्षणं नसताना केलेल्या तपासणीला) देता येतं का? सात वर्षांत मृत्यू इतके खाली येतील?
३) याच धर्तीवर एका काउंटीतल्या (अमेरिकेतला जिल्ह्यासारखा भाग) आरोग्य केंद्रांसाठी घरपोच 'फिट' (शौचातलं रक्त शोधणारी चाचणी) कार्यक्रमाचा आराखडा करायचा आहे. आधीच काय ठरवून ठेवलं म्हणजे वर्षअखेर 'दरी कमी झाली' असं छातीठोक सांगता येईल?

आणि 'वंश' हा रकाना संख्याशास्त्रीय मॉडेलमध्ये टाकावा की नाही, यावर जाणकारांचं मत हवं आहे.

---

आकडेमोड्या

पहिल्या शंकेपुरतं. दोन्ही काढा, दोन्ही छापा. एकच छापणाऱ्याने काहीतरी लपवलं असावं असं मी धरून चालतो.

तुमच्याच आकड्यांवर: मृत्यूंचा भागाकार ३१.२ ÷ १९.५ = १.६०, नंतर १८.० ÷ १६.९ = १.०७. वजाबाकी ११.७ वरून १.१. नव्या रुग्णांचा भागाकार १.१५ वरून १.०३, वजाबाकी ८.७ वरून १.१. इथे दोन्ही मापं एकाच दिशेला गेली, त्यामुळे भांडण नाही. भांडण कधी होतं? समजा एका गटाचा दर ४० वरून १८ झाला आणि दुसऱ्याचा २० वरून ८. वजाबाकी २० ची १० झाली, म्हणजे दरी निम्मी. भागाकार मात्र २ चा २.२५ झाला, म्हणजे दरी वाढली! तक्ता तोच, मथळे दोन, आणि दोन्ही खरे.

स्क्रीनिंगच्या टक्केवारीत आणखी एक गंमत आहे. डेलावेअरमध्ये सुरुवातीला तपासणी झालेले कृष्णवर्णीय सुमारे ४८ टक्के, गोरे सुमारे ५८. भागाकार ०.८३. आता तीच गोष्ट उलटी मांडा: तपासणी न झालेले ५२ आणि ४२. भागाकार १.२४. एकीकडे '१७ टक्के कमी', दुसरीकडे '२४ टक्के जास्त'. वजाबाकी मात्र दोन्हीकडे १० च. म्हणून टक्केवारीच्या बाबतीत वजाबाकी आधी लिहावी, आणि भागाकार 'झालेल्यांचा' की 'न झालेल्यांचा' हे पहिल्या दिवशीच ठरवून टाकावं. निकाल पाहून ठरवायचं नाही.

वयप्रमाणीकरण चुकवू नका. अमेरिकेतली गोरी लोकसंख्या सरासरीने वयस्क आहे आणि हा कर्करोग वयाबरोबर वाढतो. कच्चे दर ताडून पाहिले तर गोऱ्यांचा आकडा फुगतो आणि दरी आहे त्यापेक्षा लहान दिसते. तिथे २००० सालची प्रमाण लोकसंख्या वापरायची रूढी आहे. दुसऱ्या प्रमाणावर काढलेला दर शेजारी ठेवला की तुलना संपली.

आता तुमच्या काउंटीसाठी सगळ्यात महत्त्वाचं. डेलावेअर आख्खं राज्य असूनही २०१० च्या जनगणनेत सुमारे ९ लाखांचंच होतं. काउंटीच्या पातळीवर एका गटात वर्षाला या कर्करोगाने होणारे मृत्यू बोटांवर मोजण्याइतके असतील. दराची प्रमाण त्रुटी (नुसत्या योगायोगाने तो किती हलू शकतो त्याचं माप) ढोबळमानाने 'दर भागिले मृत्यूसंख्येचं वर्गमूळ' इतकी असते. १०० मृत्यू असतील तर १० टक्के, २५ असतील तर २० टक्के. सीडीसीच्या (अमेरिकेची सरकारी रोगनियंत्रण संस्था) 'वंडर' या आकडेवारीच्या प्रणालीत २० पेक्षा कमी मृत्यूंवरचा दर 'अविश्वसनीय' असा शिक्का मारून येतो, आणि काउंटीसारख्या छोट्या भागासाठी दहाच्या आतले आकडे तर दाखवतच नाहीत. तेव्हा एका वर्षाच्या मृत्युदरावर यश सिद्ध करण्याच्या भानगडीत पडू नका. तीन ते पाच वर्षं एकत्र करा, किंवा मृत्यूऐवजी प्रक्रियेचे टप्पे मोजा.

अवांतर: मृत्युदाखल्यावरचा वंश मृताने सांगितलेला नसतो. अंत्यसंस्कार करणारा तो नातेवाइकांना विचारून लिहितो, कधी नुसता पाहून. जनगणनेत माणूस स्वतः सांगतो. म्हणजे अंश एका पद्धतीचा, छेद दुसऱ्या पद्धतीचा. कृष्णवर्णीय-गोरे यांत याने फारसं बिघडत नाही, पण मूळ अमेरिकी लोकांचे बरेच मृत्यू 'गोरे' म्हणून नोंदले जातात आणि त्यांचा मृत्युदर खोटाच कमी दिसतो.

---

वाटाड्या

दुसऱ्या शंकेबद्दल. डेलावेअरने केवळ 'स्क्रीनिंग वाढवा' मोहीम केली असे समजणे चूक आहे, आणि ही चूक शिकवणारेही करतात. तिथे तीन गोष्टी एकाच वेळी होत्या. विमा नसलेल्यांच्या कोलोनोस्कोपीचा (दुर्बिणीने मोठे आतडे आतून तपासणे) खर्च राज्याने उचलला. रुग्णालयांमध्ये नेव्हिगेटर नर्स नेमल्या, ज्यांचे काम फोन करणे, तारीख मिळवून देणे, तयारी समजावणे आणि माणूस खरोखर पोचला का हे पाहणे. तिसरी गोष्ट माझ्या मते निर्णायक: कर्करोग निघालाच, तर विमा नसलेल्याच्या दोन वर्षांच्या उपचारांचा खर्च राज्य देणार, आणि तोही केंद्राच्या दारिद्र्यरेषेच्या साडेसहापट उत्पन्नापर्यंत. 'निघाला तर पैसे कुठून आणू' या भीतीने जो तपासणीलाच जात नाही, त्याच्यासाठी ही तिसरी गोष्ट पहिल्या दोघींच्या आधी येते.

परिणामांची साखळीही पाहावी. तपासणीचे प्रमाण कृष्णवर्णीयांमध्ये सुमारे ४८ वरून ७४ टक्के झाले, गोऱ्यांमध्येही तेवढ्यावरच पोचले. कृष्णवर्णीयांमध्ये निदानाच्या वेळी रोग आतड्याबाहेर पसरलेला असण्याचे प्रमाण ७९ टक्क्यांवरून ४० वर आले. सात वर्षांत मृत्यू कमी होण्याचे स्पष्टीकरण याच आकड्यात आहे. पॉलिप (आतड्याच्या आतली वाढ, जिचा पुढे कर्करोग होऊ शकतो) काढून टाकल्याचा फायदा दिसायला पुष्कळ वर्षे लागतात; उशिरा सापडणारा रोग लवकर सापडू लागला तर मृत्यू त्याच्या आधी घटतात.

तरी सगळे श्रेय देऊ नये. तुलनेसाठी दुसरे राज्य बाजूला ठेवून केलेला हा प्रयोग नव्हता. त्याच काळात देशभर या कर्करोगाचे मृत्यू घटत होते. फक्त देशाच्या पातळीवर दरी अशी मिटली नाही. पुढच्या दशकातही कृष्णवर्णीयांचा मृत्युदर गोऱ्यांपेक्षा सुमारे ४० टक्के जास्तच राहिला. डेलावेअरचे वेगळेपण या फरकात आहे, घटलेल्या आकड्यात नाही. उत्तर कॅलिफोर्नियात कायझर पर्मनेन्टे या विमा आणि रुग्णालये दोन्ही चालवणाऱ्या संस्थेने २००६ पासून टपालाने फिट पाठवण्याचा संघटित कार्यक्रम चालवला. तिथेही २०१९ पर्यंत दोन्ही गटांचे तपासणीचे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास पोचले आणि मृत्युदरातली तफावत जवळजवळ उरली नाही. पण तिथे सगळे विमाधारक होते, हे विसरू नये.

एक सूचना: यश दाखवायला 'पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण' वापरू नका. रोग दोन वर्षे आधी सापडला आणि माणूस पूर्वीच्याच तारखेला गेला, तरी हे प्रमाण सुधारलेले दिसते. मृत्युदर आणि निदानाच्या वेळचा टप्पा, हीच दोन मापे ठेवा.

---

कप्पी

तिसरी शंका. ज्यांना आराखडा करायचाय त्यांनी आधी हा काल्पनिक हिशोब समोर ठेवा. दोन गट, प्रत्येकी १००० लोकांना किट पाठवली. पहिल्या गटात ४०० परत आल्या, दुसऱ्यात ३००. दोन्हीकडे ६ टक्के पॉझिटिव्ह, म्हणजे २४ आणि १८. पुढे कोलोनोस्कोपी पहिल्यात ८० टक्क्यांनी केली, दुसऱ्यात निम्म्यांनीच. शेवटी हाती राहिले १९ आणि ९. किट परत येण्यात तफावत ४ ला ३ होती, शेवटाला दुपटीच्या वर गेली. गळती प्रत्येक सांध्यावर थोडी थोडी असते आणि गुणाकाराने वाढते. म्हणून तक्ता गटनिहाय आणि सांधेनिहाय करा: पात्र, किट पाठवली, पत्ता चुकून परत आली, नमुना आला, नमुना बाद झाला, पॉझिटिव्ह, कोलोनोस्कोपीची तारीख दिली, कोलोनोस्कोपी झाली, आतडं नीट साफ होतं का, उपचार सुरू.

आता एकेक सांधा.

पात्रता. वय ४५ ते ७५. २०२१ मध्ये यूएसपीएसटीएफने (कुणी कुठली तपासणी करावी याची शिफारस करणारा अमेरिकी तज्ज्ञगट) सर्वांसाठीच ५० वरून ४५ वर आणलं. जुन्या संगणक प्रणालीत ५० चीच चाळणी राहून गेली असेल तर यादीच अपुरी निघते. आधीच कोलोनोस्कोपी झालेले, घराण्यात लहान वयात हा कर्करोग असलेले, शौचातून रक्त जातंय अशी तक्रार असलेले यांना फिट पाठवायचीच नाही. तक्रार असलेल्याला चाळणी चाचणी नको, थेट निदान हवं.

टपाल. किट अचानक येऊन पडली की केराच्या टोपलीत जाते. आठवडाभर आधी केंद्रातल्या ओळखीच्या डॉक्टरांच्या सहीचं पत्र, मग किट, मग दोन-तीन आठवड्यांनी फोन. सूचना चित्रांच्या द्या.

नमुना. किटमध्ये शौच पाण्यात बुडू नये म्हणून कागद, काडी लावलेली छोटी नळी, पिशवी आणि परतीचं पाकीट असतं. काडीच्या टोकाला खाचा असतात. शौचाच्या पृष्ठभागावर चार-पाच ठिकाणी ओढून फक्त खाचा भराव्यात. लोक भलामोठा गोळा कोंबतात किंवा एकाच जागी खुपसतात. नळीतलं पाणी 'खराब' समजून ओतून देणारेही असतात. ते पाणी नव्हे, रक्त टिकवून ठेवणारं द्रावण आहे, ते गेलं की नमुना गेला. जेवणाचं पथ्य नाही (ते जुन्या ग्वायाक चाचणीत होतं, लाल मांस आणि क जीवनसत्त्व बंद). हे ठळक लिहा, नाहीतर माणूस 'पथ्य पाळून मग करू' म्हणत महिना काढतो.

तारीख. नमुने बाद होण्याचं हमखास कारण म्हणजे नळीवर नमुना घेतल्याची तारीख नसणं. प्रयोगशाळेला मुदत मोजता येत नाही, नमुना फेकला जातो. उपाय स्वस्त आहे: लेबलवर तारखेची चौकट पिवळ्या मार्करने आधीच रंगवून पाठवा, आणि फोनवर पहिला प्रश्न तोच विचारा.

ऊन. हिमोग्लोबिन उष्णतेने मोडतं आणि चाचणी खोटी निगेटिव्ह येते. उन्हाळ्यात किट गाडीत किंवा उन्हातल्या टपालपेटीत पडून राहू नये. शुक्रवारी टाकलेला नमुना शनिवार-रविवार कुठेतरी तापत बसतो, म्हणून 'सोमवार ते बुधवार टाका' असं छापा.

निकाल. बहुतेक ठिकाणी सीमा एक ग्रॅम शौचात २० मायक्रोग्रॅम हिमोग्लोबिनची असते. सीमा बदलली की पॉझिटिव्हचं प्रमाण बदलतं, म्हणून वर्षाच्या मध्यात किटची कंपनी बदलू नका. २०१४ च्या जवळपास दहा हजार लोकांच्या अभ्यासात एकदाच केलेल्या फिटने सुमारे ७४ टक्के कर्करोग पकडले, पण पुढे कर्करोग होऊ शकतील असे मोठे पॉलिप जेमतेम २४ टक्के. म्हणजे फिटची ताकद दरवर्षी करण्यात आहे. पहिल्या वर्षीचा आकडा छान आणि दुसऱ्या वर्षी किटच पाठवली नाही, असं झालं तर कार्यक्रम झालाच नाही म्हणा.

पॉझिटिव्ह आल्यावर. इथे सगळ्यात मोठी गळती. नेहमीची चूक: 'मूळव्याधीचं असेल, पुन्हा एकदा फिट करू.' पुन्हा फिट करायची नाही. पॉझिटिव्ह म्हणजे कोलोनोस्कोपी. २०१७ मधल्या सत्तर हजारांहून जास्त पॉझिटिव्ह लोकांच्या अभ्यासात दहा महिन्यांपलीकडे ढकलल्यावर कर्करोगाचं आणि पसरलेल्या कर्करोगाचं प्रमाण वाढलेलं दिसलं. तुम्ही स्वतःची मुदत ९० दिवसांची ठेवा, म्हणजे घसरली तरी धोक्याच्या अलीकडे राहते.

माणूस का येत नाही याची कारणं बहुतेक अगदी साधी असतात. आदल्या रात्री आणि पहाटे मिळून औषध प्यायचं, रात्रभर संडासच्या फेऱ्या, म्हणजे रात्रपाळीवाल्याला दोन दिवसांची रजा. गुंगी दिल्यामुळे घरी न्यायला कुणीतरी हवं, टॅक्सीवाला चालत नाही. तासाच्या मजुरीवाल्याचा दिवस बुडतो, सोबत येणाऱ्याचाही बुडतो. 'कृष्णवर्णीयांचा डॉक्टरांवर विश्वास नाही' हे वाक्य फार सहज फेकलं जातं. टस्कगीचा १९३२ ते १९७२ चा इतिहास (सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीयांना उपचार न देता नुसतं पाहत राहिलेला सरकारी अभ्यास) खरा आहे, त्याचा परिणामही खरा आहे. पण आधी बसभाडं, रजा आणि सोबत एवढं सोडवून पाहा. उरेल त्याला अविश्वास म्हणा.

पैसा. किट पाठवण्याआधी ठरवा की विमा नसलेल्याच्या कोलोनोस्कोपीचं बिल कोण भरणार. लेखी ठरवा. खासगी विम्यात पॉझिटिव्ह चाचणीनंतरची कोलोनोस्कोपी विनाखर्च द्यायची सक्ती ३१ मे २०२२ ला किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या विमावर्षांपासून आली. त्याआधी ती 'निदानासाठी' म्हणून रुग्णाच्या माथी बिल यायचं. जुन्या आकड्यांशी तुलना करताना हा बदल टिपणीत लिहा, नाहीतर त्याचं श्रेय नकळत तुमच्या कार्यक्रमाला जाईल.

---

गुणक

'वंश' रकान्याबद्दल. टाका, पण कशासाठी ते आधी ठरवा. दरी मोजायची असेल तर तो हवाच. कारण म्हणून मात्र तो चालत नाही. वंश ही खूण आहे. तिच्यामागे उत्पन्न, विमा, वस्ती, नोकरीचा प्रकार आणि मिळणारी वागणूक असते.

नेहमीची फसगत अशी. मॉडेलमध्ये वंश टाकला, मग उत्पन्न, विमा, शिक्षण, दवाखान्याचं अंतर सगळं टाकलं, वंशाचा सहगुणक (त्या रकान्याचा उरलेला परिणाम दाखवणारा आकडा) शून्याजवळ आला आणि निष्कर्ष लिहिला 'वांशिक विषमता आढळली नाही'. अहो, विमा नसणं हीच तर दरीची वाट आहे. तिला समायोजित करणं (तिचा परिणाम हिशोबातून काढून टाकणं) म्हणजे पूल काढून घेऊन 'नदी ओलांडणारं कुणी दिसलं नाही' म्हणणं. आधी फक्त वय-लिंग समायोजित दरी छापा. मग एकेक घटक घालत दरी किती आकसते ते ओळीने दाखवा. ती आकसणारी ओळ म्हणजे कुठे काम करायचं याची यादी.

खुणेला जीवशास्त्र समजल्याने काय होतं, ते मूत्रपिंडाच्या सूत्रात दिसतं. रक्तातल्या क्रिएटिनिनवरून ईजीएफआर (मूत्रपिंडं किती रक्त गाळतात याचा अंदाज; आकडा जितका कमी तितकं काम बिघडलेलं) काढायच्या एमडीआरडी सूत्रात कृष्णवर्णीय असल्यास १.२१२ ने गुणायचे, २००९ च्या सीकेडी-ईपीआय सूत्रात १.१५९ ने. समजा सूत्राने १८ दिलं. गुणून ते २०.९ होतं. आणि अमेरिकेत मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत वेळ मोजायला सुरुवात होते ती २० किंवा त्याखाली. म्हणजे रक्तात तेवढंच क्रिएटिनिन असलेला गोरा माणूस रांगेत उभा आणि कृष्णवर्णीय रांगेबाहेर. २०२१ मध्ये वंश वगळलेलं सूत्र आलं, आणि २०२३ पासून प्रत्यारोपण केंद्रांना कृष्णवर्णीय रुग्णांचा बुडालेला प्रतीक्षाकाळ तपासून परत जोडायला लावलं.

मग वंशानुसार सीमा ठेवणं नेहमीच वाईट का? नाही. 'आशियाई' या एकाच रकान्यात चिनी, फिलिपिनो, व्हिएतनामी आणि आपण भारतीय कोंबलेले असतो, आणि त्या सरासरीत आपला मधुमेह दडतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा २००४ च्या 'लॅन्सेट'मधला फोटो बऱ्याच जणांनी पाहिला असेल: शेजारी ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय २२.३, शरीरातली चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिन यांची ९.१. अमेरिकेच्या मधुमेह संघटनेने २०१५ पासून आशियाई वंशाच्या लोकांना २५ ऐवजी २३ बीएमआयपासूनच तपासायला सांगितलं. तेव्हा प्रत्येक वेळी पाहायचं ते हे की चूक झाली तर ती कुणाच्या अंगावर पडते. २३ च्या सीमेने चूक झाली तर एक रक्तचाचणी जास्त होते. १.१५९ ने झालेली चूक माणसाची डायलिसिसवरची वर्षं वाढवत होती.

जाता जाता: 'वंश नोंदलेला नाही' हा गट 'इतर'मध्ये टाकू नका, वेगळा दाखवा. अमेरिकी सरकारने मार्च २०२४ मध्ये वंश आणि हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक देशांतलं) मूळ हे दोन प्रश्न एकत्र करून सात गट केले आहेत. तुमच्या केंद्रांनी फॉर्म मध्येच बदलला तर मालिका तिथे तुटेल. बदलाची तारीख लिहून ठेवा.

---

छेदस्थानी

सगळ्यांचे आभार. कप्पी, एक बारीक शंका. पॉझिटिव्ह येऊन काउंटी सोडून गेलेले किंवा दुसरीकडे कोलोनोस्कोपी करून घेतलेले लोक छेदात ठेवायचे की काढायचे?

---

कप्पी

ठेवायचे. काढले की आकडा आपोआप सुधारतो, आणि सोडून जाणारे बहुतेक भाड्याच्या घरातले, म्हणजे ज्यांच्यासाठी कार्यक्रम आहे तेच असतात. दुसरीकडे करून घेतली असेल तर अहवाल मागवा आणि 'झाली' म्हणून धरा. नुसत्या फोनवरच्या 'केली हो' ला धरू नका, फिट दिली त्यालाच लोक कोलोनोस्कोपी समजून बसलेले असतात. मृत्यू झालेले आणि दुसऱ्या आजाराने अंथरुणाला खिळलेले तेवढे वगळा, पण वगळलेल्यांची संख्या दोन्ही गटांसाठी तक्त्याखाली द्या. एका गटातून तीन आणि दुसऱ्यातून तीस वगळलेले दिसले तर आधी तीच यादी उघडून बघा.